मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या नावाला कायद्याचं संरक्षण

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर श्रीपूर परिसरात (ता. माळशिरस) ऊस रुजला. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथेच उभा राहिला. आज साखरेच्या भावावर जागतिक बाजाराचाही परिणाम होतो. सोलापूर जिल्ह्यातल्याच मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मात्र जमिनीतल्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी येते. कडक भाकरी, हुरडा, जनावरांचा कडबा, सगळं तिच्यावरच.

1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. तिच्या बौद्धिक संपदा करारानुसार भारताने 1999 मध्ये भौगोलिक निर्देशनाचा कायदा केला. तो 2003 पासून लागू आहे. त्याखाली सोलापुरी चादर नोंदली गेली, 2016 मध्ये मंगळवेढ्याची ज्वारीही. बाजार खुला करणाऱ्या व्यवस्थेनेच स्थानिक नावाला संरक्षण दिलं, हे मान्य करायलाच हवं.

पण ते अपुरं आहे. नोंदणी फक्त नाव राखते, तीही दर 10 वर्षांनी नूतनीकरण केलं तरच. पेरा टिकवणं तिच्या हातात नाही. मालदांडीची काढणी कष्टाची, मजूर महाग. त्यात पाणी पोहोचलं की ऊस जवळचा वाटतो. शाळेच्या पोषण आहारात इथलीच ज्वारी नियमित घेतली, तर शेतकऱ्याला हक्काचं गिऱ्हाईक मिळेल.