धडा मोफत, चाक विकत

एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य देण्याचे जाहीर केले. दोन वर्षांनी आपल्याकडे सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हे मोफत व्याख्यानांचे व्यासपीठ उभे केले. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील ऑनलाइन वर्गात सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदवली, आणि पुढच्या काही महिन्यांतच कोर्सेरा, युडॅसिटी, एडएक्स ही ऑनलाइन वर्गांची व्यासपीठे सुरू झाली. सप्टेंबर २०१६ नंतर भारतात मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला की तालुक्याच्या गावातल्या मुलालाही तासाभराचे व्याख्यान पाहणे परवडू लागले. या पाव शतकात एक समजूत घट्ट होत गेली: धडा मोफत मिळाला की शिकणेही सर्वांच्या आवाक्यात येते. प्रोग्रॅमिंगपुरती ती अर्धी खरी ठरली. नवशिक्याच्या रोबोटिक्सला ती फारशी लागू पडली नाही. हा फरक कशामुळे पडला ते नीट पाहिले, तर यापुढे पैसा आणि श्रम कुठे घालायचे तेही कळते.

प्रोग्रॅमिंग मोफत धड्यावर शिकता येते, कारण त्याची प्रयोगशाळा संगणकातच असते. जीसीसीसारखे कंपायलर, पायथन, लिनक्स हे सगळे आधीपासूनच खुले होते. धड्यात दाखवलेले तिथल्या तिथे करून पाहता येते आणि चुकले तर कितव्या ओळीवर अडले ते पायथन सांगतो. एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने २००७ मध्ये आणलेल्या स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या भाषेने अर्धविराम विसरण्याचा प्रश्नच मिटवला. जे ठोकळे एकमेकांत बसत नाहीत ते तिथे जोडताच येत नाहीत. त्यामागे १९६७ च्या लोगो भाषेपासून चालत आलेला सीमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांच्या पिढीचा विचार होता: मुलाला आपली चूक आपल्याला सापडली पाहिजे. तरीसुद्धा आकडे उत्साह वाढवणारे नाहीत. स्टॅनफर्डच्या त्या पहिल्या वर्गात शेवटपर्यंत पोहोचले ते सुमारे २३ हजार. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आली, तेव्हा २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे जेमतेम ३ टक्के होते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. शब्दकोश कोणी पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचत नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. तसेच पायथनमधल्या याद्या समजून घ्यायला आलेला विद्यार्थी दोन धडे पाहून गेला तर त्याचे काम झालेलेच असते. मला हे मान्य आहे. पण मग प्रश्न असा उरतो की या धड्यांचा लाभ कोणाला झाला. हार्वर्ड आणि एमआयटीच्याच माहितीवर २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसले, की अमेरिकेतले या वर्गांत येणारे विद्यार्थी सरासरीपेक्षा सधन वस्त्यांतले होते आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्यातही शिकलेल्या, सुस्थितीतल्या घरांतली मुले पुढे होती. दार सगळ्यांना उघडे होते, पण घरात संगणक, रिकामा वेळ आणि अडले तर विचारायला कोणी माणूस ज्यांच्याकडे होता, तेच आत टिकले.

रोबोटिक्समध्ये विचारायला माणूस नसण्याची ही उणीव झाकून राहत नाही. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावी आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड जन्माला आला. त्याचे सॉफ्टवेअर मोफत होते आणि सर्किटचा आराखडाही खुला होता, म्हणून त्याच्या स्वस्त प्रती निघाल्या आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत सहज मिळू लागल्या. एलईडी लुकलुकवण्याचा पहिला धडा बहुतेकांना जमतो. दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे दोन चाकांची गाडी काळ्या पट्टीवरून चालवताना, नवशिका अडतो, आणि तिथे चूक दाखवणारी ओळ नसते. गाडी फक्त हलत नाही. कोड बरोबर असतो, पण चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीला दोन बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटरींना लागणारा प्रवाह पुरवता येत नाही. मोटर सुरू होताना व्होल्टेज कोसळते आणि आर्डुइनो रिसेट होतो. कधी मोटरची वीज आणि बोर्डाची वीज यांचे ग्राउंड जोडायचे राहिलेले असते. एल२९८एन हा मोटर ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो हे व्हिडिओत सांगितलेलेच नसते. एका साच्यातल्या दोन मोटरी सारख्या वेगाने फिरत नाहीत, म्हणून गाडी तिरकी जाते. खिडकीतून ऊन आले की इन्फ्रारेड सेन्सरला काळे-पांढरे ओळखू येत नाही. यातली एकही गोष्ट कठीण नाही. जाणत्या माणसाने मल्टिमीटर लावला तर दोन मिनिटांत दोष सापडतो. मात्र एकट्या मुलाला सगळा दोष आपल्या कोडमध्येच आहे असे वाटते, तो बरोबर असलेला कोड बदलत बसतो आणि शेवटी हे आपल्याला जमणारे नाही असे ठरवून टाकतो. मोफत शिक्षणाच्या हिशेबात हे नुकसान कुठेच नोंदले जात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

सिम्युलेटर हा यावरचा उपाय म्हणून पुढे केला जातो. टिंकरकॅडमध्ये ब्रेडबोर्ड, आर्डुइनो, मोटर सारे पडद्यावर मिळते, एक पैसा लागत नाही आणि काही जळतही नाही. कोविडच्या काळात, प्रयोगशाळा बंद असताना, स्पर्धाही सिम्युलेटरवर घ्याव्या लागल्या आणि त्यामुळे शिकणे थांबले नाही, हे खरेच आहे. तर्क शिकायला, जोडणी समजून घ्यायला हे साधन उत्तम आहे. पण पडद्यावरच्या तारा ढिल्या होत नाहीत आणि तिथल्या खोलीत ऊन येत नाही. ज्या अडचणींपाशी मुले रोबोटिक्स सोडतात, नेमक्या त्याच तिथे वगळलेल्या असतात.

म्हणून या काळातले सर्वांत शहाणे काम मला पवईत झालेले दिसते. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पाने २०१२ पासून स्पर्धा सुरू केली. तिच्यात निवडलेल्या संघांना रोबोटचा संच मोफत पाठवला जाई, टप्प्याटप्प्याने कामे आणि मुदती दिल्या जात आणि मार्गदर्शकही असत. शिवाय महाविद्यालयांत रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा उभ्या करून त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. त्याच संस्थेतल्या, प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने साधारण दहा मिनिटांचे धडे केले. संहिता लिहून झाली की ती विषय न कळणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यायची, हा त्यांचा नियम होता. अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर ठेवून शिकणाऱ्याने सोबत करत जायचे. पडद्यावरचा मजकूर इंग्रजीतच, पण आवाज मराठीसह इतर भारतीय भाषांत. ‘कोड शेवटी इंग्रजीतच लिहायचा, मग मराठी कशाला?’ या प्रश्नाला या रचनेतच उत्तर आहे. पायथनमध्ये राखीव शब्द चाळीसही नाहीत, ते कोणीही पाठ करेल. एखादे चक्र (लूप) का थांबत नाही हे समजायला मात्र सबंध वाक्ये लागतात आणि ती आपल्या भाषेतली असली तर मूल प्रश्नही विचारते. इथे एक गोष्ट माझ्या मुद्द्याच्या आड येते, तीही सांगायला हवी: स्पोकन ट्युटोरियलच्या कार्यशाळा विषयतज्ज्ञाशिवाय चालत. ठरलेली वेळ, संगणकाची खोली, लक्ष ठेवणारे कोणीतरी आणि शेवटी चाचणी, एवढ्यावर काम भागे. म्हणजे प्रोग्रॅमिंगसाठी सोबत पुरते. रोबोटिक्सला हाताने दोष शोधणारा माणूस लागतो. एनपीटीईएलनेही महाविद्यालयांत स्थानिक केंद्रे नेमून मार्गदर्शक शिक्षक जोडले, ते उगीच नव्हे.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून असे म्हटले जाते की विचारायला माणूस आता प्रत्येकाच्या खिशात आहे. कोडपुरते ते बऱ्याच अंशी पटते. पण गाडी हलत नाही एवढेच ज्याला सांगता येते त्याला मिळणारे उत्तरही मोघमच असते. व्होल्टेज मोजून सांग म्हटले तर मोजायला मल्टिमीटर लागतो आणि तो धरायचा कसा हे कोणीतरी एकदा हात धरून दाखवावे लागते. रोबोटिक्स महाग पडते हा आक्षेप त्याहून कमकुवत आहे. आर्डुइनोची प्रत, मोटर ड्रायव्हर, दोन बीओ मोटरी, सेन्सर, पुन्हा चार्ज होणारे सेल असा संच दोन हजार रुपयांच्या आत बसतो आणि वर्षानुवर्षे वेगवेगळी मुले तो वापरू शकतात. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत २०१६ पासून निवडलेल्या प्रत्येक शाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्यातून सामान येते. निवड न झालेल्या शाळांनाही पाच-दहा संच घेणे जड नाही. पण विज्ञानाच्या शिक्षकाला वेळापत्रकात या कामासाठी आठवड्याचे दोन तास मोकळे हवेत आणि मोटर का फिरत नाही हे शोधण्याचे प्रशिक्षण आधी त्याला मिळायला हवे. शाळांना अनुदान मंजूर करताना आणि नवे मोफत अभ्यासक्रम काढताना या दोन तासांचा खर्च पहिल्या ओळीत मांडला पाहिजे.