तीन रंगांचा मारिओ

१९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये लुइजीच्या मिशा हिरव्या आहेत. केस हिरवे, बूटही हिरवे. खेळताना हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पांढरी टोपी आणि हिरवा सदरा दिसला की हा मारिओचा भाऊ, एवढं डोळ्याला पुरतं. स्प्राइट, म्हणजे खेळातल्या पात्राचं छोटं चित्र, मोठा करून एकेक पिक्सेल पाहिला की मग हिशोब उलगडतो. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर एका स्प्राइटला तीन रंग मिळत, चौथी जागा पारदर्शक. मारिओच्या वाट्याचे तीन रंग असे वाटलेले: टोपी आणि डंगरी लाल, कातडी नारिंगी, आणि केस, डोळा, मिशा, सदरा, बूट या सगळ्यांना मिळून एकच मातकट तपकिरी. लुइजी करताना चित्राला कुणी हात लावला नाही. लालच्या जागी पांढरा आला, तपकिरीच्या जागी हिरवा, कातडी तशीच राहिली. सदरा हिरवा झाला तशा मिशाही झाल्या. आगीचं फूल घेतलेला मारिओ याच रीतीने घडतो: टोपी फिकट, आणि सदऱ्याबरोबर केसही लाल.

तो अख्खा खेळ ४० किलोबाइटचा, त्यात चित्रांसाठी जागा फक्त ८ किलोबाइट. आठ बाय आठ पिक्सेलच्या एका तुकड्याला १६ बाइट लागतात, म्हणजे माणसं, कासवं, विटा, पाइप, अक्षरं सगळं ५१२ तुकड्यांत बसवायचं. उलट तीन रंग बदलायला तीनच बाइट. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांचे तुकडे एकच आहेत हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पांढरा रंग भरला की ढग, हिरवा भरला की झुडूप. आकार महाग आणि रंग जवळजवळ फुकट, या एका व्यवहारावर त्या काळातले कितीतरी खेळ उभे आहेत.

गेली काही वर्षं मी जुने स्प्राइट पुन्हा रंगवत पिक्सेल आर्ट शिकते आहे. या रंगबदलाकडे बरेच जण जागा वाचवण्याची युक्ती किंवा कामचुकारपणा म्हणून पाहतात. मला मात्र चार दशकांचा हा प्रवास जितका उलगडत गेला, तितकं वाटत गेलं की पिक्सेल आर्टचं खरं शिक्षण इथेच दडलेलं आहे.

सुरुवात मारिओच्याही आधीची. १९८० साली नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ केला. त्यातली चार भुतं आकाराने हुबेहूब एकसारखी, फक्त रंग वेगळे: लाल, गुलाबी, आकाशी, नारिंगी. सगळी भुतं लालच असावीत असा कंपनीच्या अध्यक्षांचा आग्रह होता, इवातानींनी तो मानला नाही, आणि ते योग्यच झालं. कारण ही भुतं वागतात वेगवेगळी. लाल भूत थेट मागे लागतं, गुलाबी पुढची वाट अडवायला बघतं, नारिंगी जवळ आलं की बिचकून आपल्या कोपऱ्याकडे पळतं. रंग हाच स्वभावाचा पत्ता. आणि पॅक-मॅनने मोठी गोळी खाल्ली की चारही एकदम निळी: आता आपण शिकार नाही, शिकारी. एक अक्षर न लिहिता एवढं सगळं सांगून होतं.

१९८६ साली जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. अकिरा तोरियामा यांनी काढलेला थेंबासारखा निळा स्लाइम पहिल्याच माळरानावर भेटतो. तोच लाल झाला की जरा दांडगा. तोच धातूच्या रंगाचा झाला की मारायला महाकठीण आणि पळपुटा, पण मारला तर अनुभवाचं घबाड. इथे रंग म्हणजे दर्जा, आणि खेळणाऱ्याची भीती रंगानुसार बदलते. पुढे १९९२च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये डॅनियल पेसिना या एकाच नटाच्या चित्रीकरणातून पिवळा स्कॉर्पियन आणि निळा सब-झिरो झाले, आणि हिरवा रेप्टाइल गुपचूप लपवला गेला. त्याच वर्षी ‘स्ट्रीट फायटर २’च्या चॅम्पियन एडिशनमध्ये दोन्ही खेळाडूंना एकच योद्धा निवडता येऊ लागला, तोही दुसऱ्या रंगाच्या कपड्यांमुळेच.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले ‘टीव्ही गेम’ बहुतेक या फॅमिकॉमच्याच नकला होत्या. एका कॅसेटवर शेकडो खेळ असल्याचा दावा, आणि यादीत खाली खाली गेलं की तोच मारिओ दुसऱ्या नावाने. ‘कॉन्ट्रा’त पहिल्या खेळाडूची पँट निळी, दुसऱ्याची लाल. निळी कुणाची यावरून भावंडांत झालेली भांडणं माझ्या पिढीतल्या कितीतरी घरांना आठवत असतील. दोन्ही सैनिक एकच चित्र आहेत हे तेव्हा सुचलंही नसतं, इतका रंग माणूस वेगळा करून टाकतो.

१९९८चा गेम बॉय कलर मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत हृद्य टप्पा वाटतो. जुना गेम बॉय चार छटांचा, त्याच्या कॅसेटमध्ये रंगांची माहिती असणारच कशी? नवं यंत्र सुरू होताना निन्टेन्डोच्या जुन्या कॅसेटमधलं नाव तपासायचं, त्यातल्या अक्षरांची बेरीज करायचं आणि ओळखीचा खेळ असेल तर त्याला आधीच ठरवून ठेवलेले रंग द्यायचं. ते पसंत नसतील तर सुरुवातीलाच दिशेचं बटण दाबून, हवं तर सोबत ए किंवा बी दाबून, १२ रंगसंचांतून एक निवडता यायचा. जुन्या चित्राला नव्या रंगात पाहण्याची मुभा यंत्राने थेट खेळणाऱ्याच्या हाती दिली. पुढच्याच वर्षी ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ आले. त्यात प्रत्येक पोकेमॉनच्या चित्रात पांढरा, काळा आणि आणखी दोनच रंग. ते दोन बदलले की ‘शायनी’, आणि असा समोर येण्याची शक्यता ८,१९२त एक. लेक ऑफ रेजमधला लाल ग्यारडोस मात्र प्रत्येकाला भेटतो. काही जातींत शायनीचा फरक इतका पुसट आहे की सापडूनही चुटपुट लागावी. ग्यारडोस मनात राहतो, कारण त्या आ वासलेल्या जबड्याला निळ्यापेक्षा लालच शोभतो.

मग त्रिमितीचं वारं आलं आणि स्प्राइट बाजूला पडले. ते जपले ते हौशी लोकांनी. जुन्या खेळांतून चित्रं उचलायची, साध्या पेंटमध्ये सॉनिक किंवा मेगा मॅन दुसऱ्या रंगात रंगवायचा आणि आपलं पात्र म्हणून मिरवायचं. जाणकार त्यावर नाकं मुरडत. माझ्या मते हे नाक मुरडणं अन्यायाचं होतं. नवशिक्याला एकाच वेळी आकार, हालचाल, उजेड आणि रंग सांभाळता येत नाही. रंगबदलात बाकीचं सगळं एखाद्या उस्तादाने आधीच नेमकं करून ठेवलेलं असतं, आपल्या हाती एकच गोष्ट उरते. शिकायला याहून चांगली सोय कोणती?

मी हे काम असेप्राइटमध्ये करते. अर्जेंटिनाच्या डेव्हिड कापेल्यो यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर जुन्या यंत्रांसारखं चालवता येतं: पिक्सेलमध्ये रंग नसतो, रंगाचा क्रमांक असतो. दुसुतीवर टाके मोजून भरणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. नमुन्याच्या कागदावर खुणा असतात, दोरा कुठला घ्यायचा ते आपण ठरवतो. मी मारिओपासून सुरुवात केली, आणि त्याला सावळा करायचं ठरवलं.

फॅमिकॉमच्या रंगतक्त्यात उजेडाच्या चार पायऱ्या आहेत. मारिओची कातडी वरून दुसऱ्या पायरीवर, मिशा तिसऱ्या. लुइजीचा हिरवा आणि आगीच्या फुलानंतरचा लाल हेही तिसऱ्याच पायरीवर. म्हणजे पोशाख कुठलाही असो, चेहऱ्यातलं कातडी आणि मिशांचं अंतर मोडलेलं नाही, आणि म्हणूनच एवढ्याशा तोंडावर डोळा, नाक, मिशी वाचता येते. कातडी एक पायरी खाली आणून तपकिरी केली तर डोळा आणि मिशा तिच्यात विरघळून जातात. म्हणून मिशांना सगळ्यात खालच्या पायरीवर नेऊन गडद निळं केलं, सदरा आणि बूटही ओघाने निळे झाले. आता टोपीचा लाल कातडीच्या पायरीवर, कपाळ कुठे संपतं ते कळेना. टोपी एक पायरी वर चढवून पिवळी केली. तेव्हा कुठे एक सावळा, गडद मिशांचा, पिवळ्या डंगरीतला माणूस उभा राहिला. एक रंग हलवायला निघाले आणि तिन्ही हलवावे लागले.

तेव्हापासून रंग निवडण्याआधी मी चित्र करड्या छटांत पाहते. तिथे आकार कळत असेल तर रंग बहुधा कुठलेही चालतात. तिथे कळत नसेल तर कितीही सुंदर रंग वाचवत नाहीत. बाकीचं त्यानंतर येतं. हिरव्याची सावली करताना नुसता काळा मिसळला की झाड आजारी दिसतं, सावली निळ्याकडे आणि उजेड पिवळ्याकडे सरकवला की पानांत हवा खेळते. दिवसाचं गाव रात्रीचं करताना सगळे रंग एकमेकांच्या जवळ आणावे लागतात आणि खिडकीतला एक पिवळा तेवढा तसाच ठेवावा लागतो.

या वाटेवर मला सर्वांत जास्त दिलं ते काझुको शिबुया यांच्या कामाने. १९८७च्या पहिल्या ‘फायनल फँटसी’पासून स्क्वेअर कंपनीत त्या स्प्राइट काढत होत्या. योशिताका अमानो यांची धुक्यासारखी तरल चित्रं समोर, आणि उतरवायची ती मोजक्या पिक्सेलमध्ये. २०२१पासून आलेल्या ‘पिक्सेल रीमास्टर’मध्ये त्याच पात्रांवर त्यांनी पुन्हा हात फिरवला. रंगांची चणचण संपली होती, तरी त्यांनी रंग मोजकेच ठेवले. मूळ आणि नवं शेजारी ठेवून पाहणं हा स्वतंत्र अभ्यास आहे.

आता मी ‘सेलेस्ट’मधल्या मॅडलिनपाशी आले आहे. २०१८चा हा खेळ. पेद्रो मेदेइरोस यांची पिक्सेल आर्ट त्यात आहे, आणि त्यांनी शिकणाऱ्यांसाठी केलेले छोटे हलते धडेही मी उघडून बसते. मॅडलिनचे केस लाल असतात. हवेत झेप घेतली की ते निळे होतात, जमिनीला पाय लागला की पुन्हा लाल. झेप शिल्लक आहे की नाही हे सांगायला पडद्यावर आकडा नाही, पट्टी नाही. दोन झेपा मिळतात तेव्हा केस गुलाबी. कडा चढताना नजर तिच्या डोक्यावरच असते, त्यामुळे दुसरीकडे कुठे पाहावं लागत नाही.