वाऱ्याचा अंदाज घरच्या संगणकावर

रावेरच्या केळीबागांना पावसाळ्याआधीच्या वादळी वाऱ्याची धास्ती असते. घड लागलेली खोडं बघता बघता आडवी होतात. अशा वाऱ्याचा अंदाज काढणारं ‘डब्ल्यूआरएफ’ हे हवामान-प्रारूप कोणालाही मोफत मिळतं. भारतीय हवामान विभागही ते वापरतो. मात्र ते येतं मूळ कोडच्या रूपात, बहुतांशी फोरट्रानमध्ये, आणि लिनक्सवर कंपाइल करून घ्यावं लागतं. आपल्याकडची हुशार मुलं अडतात ती इथंच.

सगळ्यात जास्त छळते नेटसीडीएफ ही लायब्ररी. हवामानाची आकडेवारी तिच्याच पद्धतीच्या फायलींत साठवली जाते. ती इंटेलच्या कंपायलरनं बांधलेली असेल आणि डब्ल्यूआरएफ तुम्ही जीफोरट्रान या मोफत कंपायलरनं बांधत असाल, तर काम अडणारच. लायब्ररीसोबत मॉड्यूल फाइल येते, आणि एका फोरट्रान कंपायलरनं बनवलेली ती फाइल दुसऱ्याला वाचता येत नाही. म्हणून दोन्ही एकाच कंपायलरनं, शक्यतो एकाच आवृत्तीनं बांधा.

जीफोरट्रान ज्या जीसीसी या कंपायलर-संचात येतो, त्याच्या २०२० साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून तो कडक झाला. जुन्या कोडमधले न जुळणारे आर्ग्युमेंट तो आता थेट एरर मानतो. ‘-एफअलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ हा पर्याय दिला की तिथं फक्त इशारा मिळतो.

पडद्यावरच्या शेवटच्या एररमागे धावू नका. सगळं लॉग फायलीत घ्या आणि पहिला एरर शोधा. मूळ दुखणं बहुधा तिथंच असतं. कंपायलर बदललात तर ‘क्लीन -ए’ चालवून जुनं सगळं काढा. कंपायलरचे पर्याय असलेली, हातानं दुरुस्त केलेली ‘कॉन्फिगर.डब्ल्यूआरएफ’ फाइल मात्र आधी दुसरीकडे ठेवा, कारण ही आज्ञा तीही जागेवरून हटवते.