पहिल्या प्रसंगातला ताण

हिंदी रहस्यपटांचे सुरुवातीचे प्रसंग सलग पाहिले की लक्षात येतं, दर पिढीचा प्रेक्षक वेगळ्या गोष्टीनं धास्तावला आहे. प्रेक्षकाला आधीच काय ठाऊक आहे हे ज्या दिग्दर्शकानं नेमकं ओळखलं, त्याला पहिल्या काही मिनिटांत आरडाओरडा करावा लागला नाही.

बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ १९६० चा. आदल्याच वर्षी नानावटी खटल्यानं मुंबई ढवळून काढली होती. ज्युरी, साक्षी, उलटतपासणी हे घराघरांत बोललं जात होतं. चोप्रांनी सिनेमा उघडला तो थेट न्यायालयात. जीवननं रंगवलेला कालिदास गणपत नावाच्या माणसाच्या खुनाचा आरोपी आहे. याच खुनाची शिक्षा तो पूर्वीच भोगून आलाय, आणि तेव्हा गणपत जिवंत होता! गेलेली वर्षं परत द्या, असं तो मागतो आणि तिथंच कोसळतो. न्याय चुकू शकतो, ही धास्ती मनात घेऊनच प्रेक्षक पुढचं पाहतो. एकही गाणं नसलेला सिनेमा त्यामुळं पेलला गेला.

राज खोसलांच्या ‘वह कौन थी?’नं १९६४ मध्ये वेगळी नस पकडली. पावसाळी रात्र, सुनसान रस्ता, पांढऱ्या साडीतली बाई: हडळीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना आणखी काही सांगायची गरजच नव्हती. पण खोसला तेवढ्यावर थांबले नाहीत. मनोजकुमारच्या गाडीचे वायपर बंद पडतात. त्याला समोरचं काही दिसेनासं होतं; शेजारी बसलेली साधना मात्र शांतपणे रस्ता सांगत राहते. गाडी पोचते कब्रस्तानाशी. भीती त्या पांढऱ्या साडीपेक्षाही तिला दिसणाऱ्या रस्त्याची आहे.

‘इत्तेफाक’ (१९६९) हा यश चोप्रांचा सिनेमा ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून घेतलेला, तोही गाण्यांशिवायचा. पुढच्या दोन दशकांत मात्र मोठ्या पडद्यावर सूडकथांचा जोर राहिला आणि ताणाची जागा बऱ्याचदा हाणामारीनं घेतली.

सुजॉय घोषचा ‘कहानी’ मार्च २०१२ मध्ये आला. आधी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर विषारी वायू, मग कोलकात्याच्या मेट्रोचा भरलेला डबा. वायू काय करतो हे आपण पाहिलेलं असतं, डब्यातल्या माणसांना त्याची कल्पनाही नसते. सगळा ताण या अंतरात आहे. ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट अनुभवलेल्या आणि बेवारस वस्तूंविषयीच्या सूचना रोज ऐकणाऱ्या मुंबईकराला तो डबा परका वाटला नसेल.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या श्रीराम राघवनच्या ‘अंधाधुन’नं २०१८ मध्ये तर स्पष्टीकरणच दिलं नाही. कोबीचं शेत, एका डोळ्यानं अधू ससा, त्याच्या मागं बंदूक घेतलेला माणूस, गोळीचा आवाज, आणि कथा निघून जाते पुण्यात. घरी सिनेमा थांबवून, मागं नेऊन पुन्हा पाहणाऱ्या प्रेक्षकावर इतका विश्वास टाकता येतो. तो ससा शेवटपर्यंत डोक्यात राहतो आणि शेवटाविषयीचे वाद त्याच्यापाशीच येऊन थांबतात.

या चारही सुरुवाती मला मोठ्या वाटतात, कारण त्या प्रेक्षकाला दचकवून मोकळ्या होत नाहीत, त्याला विचारात गुंतवतात. अलीकडं मात्र पहिल्याच दृश्यात प्रेत आणि कानठळ्या बसवणारं पार्श्वसंगीत असा साचा पडत चाललाय. मराठीत रहस्यपट करू पाहणाऱ्यांनी तो उचलू नये. आपल्या प्रेक्षकाला आज अनोळखी नंबरवरून येणारा फोन ठाऊक आहे, ओटीपी मागणारा गोड आवाज ठाऊक आहे, एकट्या राहणाऱ्या आईवडिलांनी न उचललेला फोनही ठाऊक आहे. तिथून सुरुवात करा. फोन वाजू द्या, आणि उचलायची घाई करू नका.