छत्रीविना चालता येणारा रस्ता

भर पावसात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडा आणि दादाभाई नौरोजी रस्त्याने फ्लोरा फाउंटनकडे चालू लागा. डोक्यावर दगडी कमानींचा मंडप असतो. एक इमारत संपते, दुसरी सुरू होते, पण मंडप काही संपत नाही. मधल्या गल्ल्या ओलांडताना अंगावर चार थेंब पडतील तेवढेच.

आता जरा वर बघा. एक इमारत गॉथिक, पलीकडची ग्रीक खांबांची, तिसरीवर घुमट. मालक वेगळे, वास्तुरचनाकार वेगळे. मग तळमजल्यावर सगळ्यांनी एकच ओसरी कशी काढली? कारण तसा नियम होता! रस्त्यालगतच्या इमारतींनी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडायची, असा दंडक 1896 मध्ये घातला गेला. वरच्या मजल्यांवर हवी ती हौस करा, खाली मात्र चालणाऱ्याचा विचार करा. या रस्त्याचं देखणेपण एका नियमातून उगवलेलं आहे.

हा रस्ता जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं? पुरातत्त्वाचा 1958 चा कायदा किमान शंभर वर्षं जुन्या स्मारकांना संरक्षण देतो. पण इथे दुकानं चालतात, कचेऱ्या भरतात, वर माणसं राहतात. अशा नांदत्या वास्तूंसाठी मुंबईत 1995 मध्ये वारसा नियमावली आली. भारतातल्या शहरांसाठीची ही अशी पहिली नियमावली. तिच्यामुळे मुंबई वारसा जतन समितीला अधिकार मिळाले. लोक तिला ‘हेरिटेज कमिटी’ म्हणतात. स्ट्रक्चरल इंजिनीअर, वास्तुरचनाकार, शहराचा इतिहासकार असे लोक एका टेबलाभोवती बसतात आणि महापालिका आयुक्तांना सल्ला देतात. वारसा यादीतल्या वास्तूला हात लावायचा, तर आधी परवानगी घ्यायची.

सगळ्यांना एकच माप मात्र नाही; वास्तूंच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. श्रेणी एकमधल्या वास्तूच्या आतल्या-बाहेरच्या मूळ रूपाला धक्का लावायचा नाही. श्रेणी दोनमध्ये बाहेरचा चेहरा सांभाळून आत बदल करता येतात. श्रेणी तीनमध्ये आणखी मोकळीक असते. शिवाय अख्खे परिसरही यादीत आहेत. गिरगावातली खोताची वाडी त्यांपैकीच एक: लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने, दाराशी क्रूस. त्यातलं एकेक घर साधंच आहे. पण अरुंद बोळात ती समोरासमोर उभी राहतात, तेव्हा वाडी होते. मधलं एखादं पाडून तिथे टॉवर उठला, तर उरलेली घरं जागच्या जागी असूनही वाडी मोडते. घराघरांमधलं हे नातं जपण्याची सोय नियमात आहे, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो.

पण वर मजले चढवता येत नाहीत, त्या मालकाचं नुकसान? त्यावरही नियमावलीने तोड काढली आहे. तिथे न बांधलेल्या मजल्यांचा हक्क कागदावर उतरतो आणि दुसऱ्या जागेसाठी विकता येतो. हाच टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. घर जागेवर राहतं, त्याच्या डोक्यावरचं रिकामं आभाळ तेवढं विकलं जातं!

याच दादाभाई नौरोजी रस्त्यावर एकेकाळी दुकानांच्या अवाढव्य पाट्यांनी कमानी झाकून टाकल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पाट्यांसाठी आराखडा झाला, दुकानदारांशी बोलणी झाली. हळूहळू पाट्या कमानींच्या आत, मापात बसल्या आणि मागचं कोरीवकाम पुन्हा दिसू लागलं. जे दिसलं ते तिथेच होतं, इतकी वर्षं पाटीमागे.

पुढच्या पावसात तिथून जाल, तेव्हा एखाद्या खांबाला हात लावून बघा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी अनोळखी चालणाऱ्याची काळजी नियमात लिहून ठेवली. आज समितीपुढे येणारा प्रत्येक नकाशा तपासताना तीच काळजी पुढच्या माणसाकडे सोपवली जात असते. तो माणूस आत्ता कमानीखाली कोरडा उभा आहे.