चॅम्पियन हिलचा शनिवार

शनिवारी दुपारी लंडन ब्रिजहून दक्षिणेकडची लोकल पकडावी, ईस्ट डलिचला उतरावं आणि गुलाबी-निळे मफलर जिकडे चाललेत तिकडे चालू लागावं. थोड्याच वेळात सेन्सबरीजचं भलंमोठं सुपरमार्केट लागतं आणि त्याला खेटून चॅम्पियन हिल, म्हणजे १८९३ साली सुरू झालेल्या डलिच हॅम्लेट क्लबचं मैदान. आत नेणाऱ्या रस्त्याचं नाव एडगर केल वे.

हा केल कोण, हे गोलपोस्टमागे उभं राहिल्यावर पाच मिनिटांत कळतं, कारण त्याच्या नावाच्या आरोळ्या आजही उठतात. १९१५ ते १९३३ या काळात तो डलिचकडून खेळला, चारशेवर गोल केले, मोठ्या क्लबांनी बोलावूनही पैशासाठी खेळायला गेला नाही. १९२९च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये त्याला इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची जर्सी मिळाली. पहिल्याच सामन्यात फ्रान्सविरुद्ध त्याने दोन गोल केले. त्याला खेळताना पाहिलेला माणूस आता या गर्दीत असणं शक्य नाही. तरी घोषणा त्याच्याच, कारण आपल्या मैदानातून थेट इंग्लंडच्या संघात पोचलेला माणूस कुठला क्लब सोडील?

प्रीमियर लीग आणि तिच्या खालच्या तीन विभागांत मिळून ९२ क्लब. त्यांच्या खालचं सगळं जग म्हणजे नॉन-लीग. पूर्वी वरच्या ९२ मध्ये कोणाला घ्यायचं हे वरचेच क्लब मतदानाने ठरवत, आणि स्वतःच्या माणसांना सहसा बाहेर काढत नसत. १९८७ पासून नॉन-लीगच्या अव्वल विभागाचा विजेता थेट वर जाऊ लागला. डलिचसाठी ती पायरी लांब आहे. २०२३ मध्ये खाली घसरून हा क्लब आपल्या जुन्या इस्थमियन लीगमध्ये, वरून मोजलं तर सातव्या पातळीवर, परत आला. १९०५ साली सुरू झालेली ही लीग पूर्वी इतकी कडक हौशी होती, की विजेत्याला चषक नाही, पदकही नाही. जिंकलात ना, मग पुरे.

तिकीट प्रीमियर लीगच्या मानाने किरकोळ. एक मुख्य स्टँड, बाकी बहुतेक जण उभेच. मैदानाची क्षमता जेमतेम तीन हजार. १९८५च्या कायद्याने मोठ्या मैदानांवर खेळ दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. या पातळीवर ती अट नाही, त्यामुळे बिअरचा प्लास्टिकचा ग्लास हातात धरून कठड्याला रेलता येतं. मध्यंतराला संघांनी बाजू बदलली की पाठीराखेही ग्लास सांभाळत या टोकाच्या गोलमागून त्या टोकाला निघतात. आपला संघ ज्या गोलवर चाल करतोय त्याच गोलमागे उभं राहायचं. प्रत्येकाला नंबरची खुर्ची नेमून देणाऱ्या स्टेडियममध्ये ही गंमत होणंच नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघून वाढलेल्या माणसाला इथे फार परकं वाटू नये. फक्त इथे आवाज थोडा कमी आणि टोमणे जास्त.

खेळ कसा असतो? खरं सांगायचं तर मध्यम. चेंडू फार वेळ हवेत असतो, पहिल्याच स्पर्शाला पायातून निसटतो, थंडीत मैदानाचा मधला भाग चिखल होतो. खेळाडू आठवड्याला एक-दोन संध्याकाळी सराव करतात आणि बाकी वेळ नोकरी. पण लाइन्समन हाताच्या अंतरावर असतो, बचावपटू एकमेकांना काय ओरडतात ते शब्दन् शब्द ऐकू येतं, आणि बाजूने आलेल्या शेऱ्याला गोलरक्षक मान वळवून उत्तरही देतो. टीव्हीवरचं फुटबॉल इतकं घोटीव असतं की ते अवघड आहे हेच विसरायला होतं. इथे ते दर मिनिटाला आठवतं.

आता सुपरमार्केटकडे वळू, कारण या क्लबची खरी गोष्ट तिथे आहे. जुनं चॅम्पियन हिल प्रचंड होतं. १९३३ साली हौशी चषकाचा अंतिम सामना पाहायला इथे वीस हजारांवर लोक आले होते. १९४८च्या ऑलिंपिकमधला दक्षिण कोरिया-मेक्सिको सामनाही इथलाच. पुढे गर्दी आटली, जमिनीचा भाव चढला आणि जुनं मैदान पाडलं गेलं. सुपरमार्केट उभं राहिलं आणि १९९२ मध्ये शेजारी आजचं छोटं मैदान झालं. एवढ्यावर भागलं नाही. मार्च २०१८ मध्ये जागेची मालकी असलेल्या बांधकाम कंपनीशी वाद पेटला, क्लब मैदानाबाहेर काढला गेला, आणि क्लबचं नावही ट्रेडमार्क म्हणून भलत्याच कंपनीने नोंदवल्याचं समोर आलं. आश्रय दिला तो जुने प्रतिस्पर्धी टूटिंग अँड मिचम यांनी. त्या उसन्या मैदानावर, त्याच हंगामात, हेंडनला पेनल्टीवर हरवून डलिच वरच्या विभागात गेलं! डिसेंबरात घरी परतले, तेव्हा ‘बेघर क्लब’ म्हणून नाव देशभर झालं होतं. एकेकाळी काहीशे प्रेक्षक असलेल्या क्लबकडे आज हजारो येतात, त्यात या ओढाताणीचाही वाटा आहे.

सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं. १९४८च्याच ऑलिंपिकमध्ये भारताने पूर्व लंडनच्या इलफर्डमध्ये फ्रान्सला झुंजवलं होतं. बहुतेक खेळाडू अनवाणी, दोन पेनल्टी हुकल्या, शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन २-१ हार. त्या गावचा इलफर्ड क्लब १९७९ मध्ये आपलं मैदान सोडून शेजारच्या लेटनस्टोनमध्ये विलीन झाला, जोडक्लब १९८८ मध्ये वॉल्थमस्टो अव्हेन्यूशी एक झाला, आणि १९९२ मध्ये ते सगळे डॅगनममध्ये मिळून डॅगनम अँड रेडब्रिज झाले. चार क्लबांचा इतिहास एका मैदानात. शहर वाढलं की आधी खेळाची जागा जाते, हे मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही.

सामना संपल्यावर बारमध्ये दोन्हीकडचे लोक एकत्र असतात. पाहुण्यांचा संघ जिंकला तरी कोणी लवकर निघत नाही.

जायचं असेल तर सप्टेंबर किंवा एप्रिल बरा. हिवाळ्यात सकाळी रेफ्री मैदानाची पाहणी करतो आणि पाणी साचलं असेल तर सामना पुढे ढकलतो, म्हणून घरातून निघण्याआधी चौकशी करावी. गावोगावची मैदानं गोळा करत हिंडणारे हौशी लोक खिशात नेहमी जवळच्या दुसऱ्या सामन्याचा पत्ता ठेवतात. तीनची वेळ सगळीकडे सारखीच असते, आणि लंडनमध्ये पुढचं मैदान फारसं लांब नसतं.