घाटातल्या पायऱ्या आणि घरची विहीर

दिवाळीची सुटी जवळ आली की लोणंदमधल्या कित्येक घरांत महाबळेश्वरचा बेत ठरू लागतो. मंडळी गाडीत बसतात, पॉइंट पाहतात, स्ट्रॉबेरीचा जाम घेऊन परततात. वाटेत जो खडक दोन तास खिडकीशेजारून सरकत असतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आणि घरी आल्यावर मार्च महिन्यात तक्रार सुरू होते : शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी आहे, मग आमचीच कशी आटली? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या घाटातच होते. तेव्हा यंदाचा बेत जरा निराळा आखू या. दोन दिवस पुरेत. सोबत वही, पेन्सिल, भिंग आणि मोजपट्टी एवढे घ्या.

सहल लोणंद स्टेशनच्या फलाटावरच सुरू करा. गावाच्या नावाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती टिपून घ्या. गाडी सालपे सोडून आदर्कीच्या घाटाला लागली की डोंगर कापून काढलेल्या भिंती दिसू लागतील. वाठारला उतरून तिथल्या पाटीवरची उंची टिपा आणि वजाबाकी करा. (एके काळी महाबळेश्वरला जाणारी मंडळी याच स्टेशनवर उतरून टांग्याने पुढे जात.) वाठारहून एसटीने वाई आणि वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी. या घाटात आपण सुमारे सहाशे मीटर वर चढतो.

पाचगणीच्या सिडनी पॉइंटवर मात्र घाई करू नका. समोर कृष्णेचे खोरे, धोमचे पाणी, पांडवगड आणि मांढरदेवचा डोंगर दिसेल. डोंगराची बाजू सरळ उतरती नाही, तिला पायऱ्या आहेत. उभा काळा कडा, मग झाडीचा उतरता पट्टा, पुन्हा उभा कडा. या रचनेवरूनच आपल्या खडकाला 'दख्खन ट्रॅप' हे नाव पडले. स्वीडिश भाषेत 'ट्रापा' म्हणजे जिना.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी येथील जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस, म्हणजे लाव्हा, बाहेर आला. तो पातळ असल्यामुळे दूरवर पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. लोणंदच्या मुलांना कांद्याचे पापुद्रे समजावून सांगायला नकोत, पण हे थर तसे गोल नव्हेत, भाकऱ्यांच्या चवडीसारखे आडवे आहेत. पोलादपूरहून महाबळेश्वरला घाटाने चढणारा माणूस अशी सुमारे बाराशे मीटरची चवड चढून येतो.

आता एकच भाकरी निरखून पाहू. अकराशे अंशांच्या आसपास तापलेला लाव्हा वरून थंड होऊ लागतो आणि दुधावर यावी तशी त्यावर साय धरते. हवाई बेटांवर केलेल्या मोजमापांवरून, एक मीटर जाडीची साय धरायला साधारण एक आठवडा लागतो. मग दहा मीटरला दहा आठवडे? नाही! आतल्या उष्णतेला आता त्या सायीतूनच बाहेर यावे लागते आणि खडक हा उष्णतेचा मंद वाहक आहे. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. म्हणून दहा मीटरला शंभर आठवडे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे. वीस मीटरला किती, ते वहीत काढा.

आतला भाग असा सावकाश थिजतो, म्हणून तो दाट आणि कठीण होतो. तोच उभा कडा. पण थंड होताना खडक आकसतो आणि त्याला उभ्या चिरा पडतात. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात, त्यांच्या पोकळ्या होतात. पुढे त्यांत पांढरी खनिजे साचतात. भिंगातून पाहिलीत तर त्यांचे स्फटिक दिसतील. हा सच्छिद्र भाग लवकर झिजतो. तोच झाडीचा उतार. दोन थरांच्या मध्ये कधीकधी वीटकरी मातीचा पट्टा असतो. आधीच्या थरावर साचलेली माती किंवा राख पुढच्या लाव्ह्याखाली भाजली गेली, तिचा हा पट्टा. घाटात तो चटकन ओळखू येतो.

पाणी कोठे साठते ते आता पाहा. पोकळ्यांच्या खडकात भरपूर पाणी मावेल असे वाटते, पण ताज्या खडकातल्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. तो खडक झिजून भुसभुशीत झाला, की मगच पाणी धरतो. अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही, चिरांचा धरतो. तांबडा पट्टा चिकणमातीचा, तो बहुधा पाणी अडवतो. वरून मुरत आलेले पाणी तेथे थांबते आणि आडवे वाहू लागते. ही सहल मे महिन्यात न करता दिवाळीत करायची ती यासाठीच. पाऊस नुकताच संपलेला असतो आणि कड्यांवर ओलाव्याच्या व हिरव्या गवताच्या आडव्या रेषा दिसतात. अशा रेषा मोजा.

दुसऱ्या दिवशी पाचगणीच्या टेबललँडवर जा. येथे माथ्यावर काळा खडक नाही, तांबडा जांभा आहे. याच काळ्या खडकाचे घटक पावसाने युगानुयुगे धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, तो हा जांभा. त्याच्यातून पाणी झरझर खाली जाते आणि तळच्या चिकणमातीवर अडून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. महाबळेश्वरलाही माथ्यावर जांभाच आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे उगम मानतात, तेही डोंगरमाथ्यावर! मला लहानपणी याचे फार नवल वाटे.

महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोणंदला पाचशेच्या आसपास. आपल्याकडे जांभाही नाही. तेव्हा आपल्या विहिरीने जी काही भिस्त ठेवायची ती झिजलेल्या सच्छिद्र थरावर आणि काळ्या पाषाणातल्या चिरांवर. बांधाला बांध लागलेल्या दोन शेतांत एका विहिरीला असा थर लागतो, दुसरीला अखंड पाषाण. ती आणखी वीस फूट खणली तरी कधीकधी फक्त पैसाच खोल जातो. पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ काय सांगतो ते मला कळत नाही, पण न बांधलेल्या विहिरीच्या कडा स्पष्ट बोलतात.

म्हणून परत आल्यावर घरच्या किंवा शेजारच्या विहिरीपाशी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा. काठावरूनच पाहून तिच्या कडेचे चित्र काढा : माती, मुरूम, पोकळ्यांचा खडक, काळा पाषाण, तांबडा पट्टा असल्यास तोही. पाझर कोणत्या थरातून येतो तेथे खूण करा. मग दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंतची खोली मोजा आणि दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा मोजा. पाण्याची पातळी खुणेच्या खाली गेली की पुढचा उतार संथ होतो की जलद, ते मेपर्यंत तुमच्या वहीत आलेले असेल.